मोनाचा कायमचा पत्ता

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बेघर मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं काम मी समाजसेवेच्या आवडीनं अंगावर घेतलेलं नाही. विजयसिंहराव हात वर करणार होते, म्हणून मी आधी केला.

विजयसिंहराव म्हणजे आमचे शेजारी, घर क्रमांक तेरा. आम्ही चौदा. त्यांचा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचा धंदा आता मुलगा बघतो, त्यामुळं त्यांना बाकीच्यांच्या घरात लक्ष घालायला भरपूर वेळ मिळतो. कॉलनीच्या हॉलमध्ये मीटिंग होती आणि एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. उचगावच्या रस्त्याला मोकळ्या प्लॉटवर जी कुटुंबं ताडपत्र्या टाकून राहतात, त्यांच्या मुलांना संध्याकाळी दोन तास कॉम्प्युटर शिकवायला कुणी तयार आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळे एकदम चपला शोधायला लागले. तेवढ्यात विजयसिंहरावांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरनं चार बोटं उचलला गेलेला मी बघितला आणि माझा हात सरळ डोक्याच्या वर गेला. त्यांना पाठ खाजवायची होती हे मला टाळ्या वाजल्यावर कळलं.

माझी पात्रता सांगतो. एका सरकारी खात्यात आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढून मी जानेवारीत रिटायर झालो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. कॉम्प्युटरचं म्हणाल तर सरकारनं परीक्षा सक्तीची केली तेव्हा ती मी दुसऱ्या खेपेला पास झालो आणि पुढची अठरा वर्षं त्या यंत्रावर एकच काम केलं. जुनं पत्र उघडायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, छापायचं. याला काही लोक अज्ञान म्हणतात. माझी बायको कालिंदी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं बातमी ऐकून फक्त "तुम्ही?" एवढंच विचारलं आणि परत भाजी निवडायला लागली. तेवढ्यानं माझा निश्चय पक्का झाला.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे म्हणाले, आधी इंग्रजी शिकवा, कॉम्प्युटर आपोआप येतो. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आधी नखं कापा. एकानं माऊसला साखळी लावायला सांगितलं, जशी बँकेत पेनाला असते. विजयसिंहराव स्वतः घरी आले, सोफ्यावर बसले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "उन्मेषराव, नाद केलाय तो केलाय. पर पोरांस्नी आत घेताना वहीत सह्या घ्या. उद्या काय गेलं तर दाखवाय कागूद पायजे." बाकीचे सल्ले मी सोडून दिले, हा घेतला. कारण वहीत सह्या घेणं मला येत होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी हजेरीपत्रक, आवक रजिस्टर आणि जावक रजिस्टर अशी तीन रजिस्टरं आणली, त्यांना खाकी कव्हरं घातली, लाल शाईनं रकाने आखले. कॉम्प्युटर अजून माळ्यावरच होता.

तो मुलाचा जुना. मुलगा पुण्याला असतो. आईशी फोनवर बोलताना तो या विषयावर हसला, माझ्याशी बोलताना गंभीर होता, हे मला जास्त लागलं.

जागा आमच्या गॅरेजची ठरली, म्हणजे गाडी पाच ते सात रस्त्यावर. उद्घाटनाला विजयसिंहराव नारळ घेऊन आले. यंत्र जुनं असलं तरी काम नवीन आहे, तेव्हा नारळ फुटलाच पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. एका फटक्यात नारळ फोडतात याचा त्यांना फार अभिमान. फरशीवर फोडला असता तर प्रश्नच नव्हता. पण ज्याची पूजा त्याच्यापुढंच फोडायचा, म्हणून त्यांनी तो टेबलाच्या कडेवर मारला आणि पाणी सगळं कीबोर्डात गेलं. कालिंदीनं केस वाळवायचं मशीन आणून अर्धा तास धरलं. सगळी बटणं चालू झाली, एक स्पेसबार सोडून. त्यामुळं दोन शब्दांच्या मधे जागा सोडायची असते ही गोष्ट आमच्या बॅचनं पहिले दहा दिवस नुसती ऐकलेली होती.

मुलं अकरा आली. सगळ्यात लहान प्रियदर्शनी, वय नऊ. नाव हजेरीपत्रकाच्या रकान्यात मावेना आणि स्वतः टेबलाला पुरेना, म्हणून खुर्चीवर दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टरी ठेवाव्या लागल्या. मी फळ्यावर 'संगणकाची व्याख्या' असं लिहून खाली रेघ मारली होती.

"सर, नेट हाय?" तिनं विचारलं.

"नाही. आधी व्याख्या."

"मंग ह्येच्यावर करायचं काय?"

प्रश्न सरळ होता आणि अठरा वर्षांत तो मला कधी पडला नव्हता. मी खडू खाली ठेवला. मग मला जेवढं येत होतं तेवढं खरं खरं सांगितलं. "अर्ज करायचा."

तर आमच्या वर्गात अर्ज शिकवला गेला. प्रति, विषय, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. दुसऱ्या क्लासमधली मुलं त्या वयात चित्रं काढतात, गेम करतात. आमची मुलं 'सविनय सादर' म्हणायला लागली. नाव, वय, पत्ता, तारीख यातलं एक जरी राहिलं तरी अर्ज परत येतो, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी 'अर्जात काय पाहिजे' म्हटलं की अकराजण एका सुरात ओरडायची. तिसऱ्या आठवड्यात पहिला अर्ज आवक झाला, तो कालिंदीच्या नावानं. विषय, चहाबरोबर बटर मिळणेबाबत. आमच्याकडं बटर म्हणजे बेकरीतली कडक बिस्किटं, लोणी नव्हे. तिनं त्यावर 'मंजूर' लिहून सही केली. चार दिवसांनी दुसरा, बटरची संख्या वाढवून मिळणेबाबत, संदर्भ पहिला अर्ज व त्यावरील मंजुरी. संदर्भ टाकायला मी शिकवलं नव्हतं. प्रियदर्शनीनं माझ्या जुन्या पत्रांत बघून टाकला होता. मला इतका आनंद झाला की मी तो अर्ज कालिंदीला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि बटराचा पुडा मोठा आणायला लागलो.

इकडं रस्त्यावरच्या आमच्या गाडीमुळं विजयसिंहरावांना त्यांची गाडी आत घेताना तीनदा पुढं-मागं करावं लागत होतं. पहिल्या आठवड्यात ते काच खाली करून हसायचे. दुसऱ्या आठवड्यापासून काच वरच राहिली.

मेच्या शेवटी मोनाचा अर्ज आला, माझ्या नावानं. मोना वर्गात सगळ्यात मोठी, तेरा वर्षांची, आणि सगळ्यात गप्प. सगळी गेली की फळा पुसून, खुर्च्या लावून मग जायची. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. विषय, निवासी शाळेत प्रवेश मिळवून देणेबाबत.

तिनं मुद्देसूद लिहिलं होतं. तिची शाळा सातवीपर्यंतच. शिरोळकडं घर होतं ते पुरात पडलं. वडील नाहीत. आई तानाबाई मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. जोतिबाच्या वाटेवर मुलींची निवासी शाळा आहे, तिथं आठवीला प्रवेश मिळाला तर राहण्या-जेवण्याची सोय होते. शेवटी लिहिलं होतं, 'सदर प्रवेश न मिळालेस मी जुलैपासून आईसोबत कांदा निवडणेस जाणार आहे, मुकादमास तसे सांगून झाले आहे.'

मी सवयीनं तपासायला घेतला. नाव बरोबर. वय बरोबर. तारीख बरोबर. पत्ता कोरा. हातात लाल पेन होतंच. मी कोपऱ्यात 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि कागद परत केला.

"पत्ता राहिलाय."

"काय लिवू, सर?" मोना म्हणाली.

मला त्या लाल शेऱ्याची लाज वाटली. चौतीस वर्षांत असे शेरे मी किती मारले असतील त्याला गणती नाही, पण अर्जदार टेबलाशेजारी उभा राहून असं विचारायला कधी आला नव्हता. मी कागद परत घेतला, शेरा खोडला आणि म्हणालो, "माझ्यावर सोड. फॉर्म भरण्यात माझं आयुष्य गेलंय."

फॉर्म ऑनलाइन होता. कालिंदीच्या मोबाइलवरनं नेट घेऊन मी बसलो. आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची, म्हणजे आपण माणूस आहोत हे सिद्ध होतं. मला ते तीनदा सिद्ध करता आलं नाही. चौथ्यांदा मोनानं केलं. त्यानंतर मी नुसता शेजारी बसून सूचना देत होतो आणि ती त्यातली एकही ऐकत नव्हती.

मग ओटीपी. आधारला जोडलेला तानाबाईचा नंबर पुरात गेलेल्या मोबाइलचा. नवीन नंबर जोडायला सेवा केंद्रात गेलो. तिथं जोतीराम नावाचा सज्जन माणूस बसतो. त्यानं तानाबाईचा अंगठा मशीनवर ठेवला, मशीननं ओळखला नाही. दुसरा ठेवला, तोही नाही. दहाही बोटं झाली. "सायेब, कांदा निवडून निवडून रेघाच गेल्यात बोटावरच्या," जोतीराम म्हणाला. "चार दिस हाताला काम देऊ नका, खोबरेल लावा, मग आणा." आता यार्डात चार दिवस काम न करता बसायचं कसं, तर ती बसली. बाई उंच, कमी बोलणारी. हाताला तेल लावून, दोन्ही तळवे वर करून प्लॉटच्या कडेला दगडावर बसलेली मी येताजाता बघत होतो. पाचव्या दिवशी डावी करंगळी चालली.

पुढं पत्त्याची चौकट आली. शेजारी लाल चांदणी, म्हणजे सोडता येत नाही. आधारवरचा गावचा पत्ता चालेल म्हणून मी त्यांच्या ग्रामपंचायतीत फोन केला. तिकडनं उत्तर आलं की घर पडलं तेव्हाच घर नंबर रद्द झाला, मुलगी इथली रहिवासी म्हणून लिहून देता येणार नाही. फॉर्मच्या खाली सूचना होती की दिलेल्या पत्त्यावर अधिकारी स्वतः येऊन खात्री करतील. मुदत दहा जून.

"टाका की माझ्या गोडावनाचा पत्ता," विजयसिंहराव गेटावर रेलून म्हणाले. मन मोठं आहे हो माणसाचं. "कोण बघाय येतंय? आलंच तर सांगू, गावाला गेलीत."

पण त्याच्याही खाली एक ओळ होती. 'वर दिलेली माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.' हसू नका, पण मी त्या ओळीखाली आयुष्यात खोटी सही केलेली नाही. रेल्वेच्या फॉर्मात वय सुद्धा खरं लिहितो. मी कालिंदीला सांगितलं की आपला पत्ता टाकला तर तो खोटा ठरतो, कारण ती इथं राहत नाही.

कालिंदी पोळ्या लाटत होती. "मग खरा करा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे राहायला आणा. मधली खोली रिकामीच आहे. फॉर्म खोटा होत नाही, तुमचं डोकं दुखत नाही."

मी त्याचे प्रशासकीय परिणाम समजावून सांगायला लागलो. तिनं दोन पोळ्या जास्त लाटल्या.

तानाबाई काही लगेच यायला तयार नव्हती. "सायेब, पुरात शाळंत ऱ्हायलो, देवळात ऱ्हायलो, पावण्यांच्यात ऱ्हायलो. सगळ्यांची त्वांडं बघितली. आता कुणाच्या घरात ऱ्हायचं न्हाय, असं ठरवलंय."

"हे राहणं नाही," मी म्हणालो. "ही फॉर्मची पूर्तता आहे."

"मंजी सरकारी काम?"

"पूर्णपणे सरकारी काम."

"मंग येतो. काम झालं की जातो," ती म्हणाली, आणि तीन जूनला मायलेकी दोन गाठोडी, एक चूल आणि एक कोंबडी घेऊन घर क्रमांक चौदामध्ये दाखल झाल्या. कोंबडीचा उल्लेख फॉर्ममध्ये कुठं करायचा हे कळेना, म्हणून मी केला नाही. माहिती लपवणं वेगळं आणि रकाना नसणं वेगळं.

माझी दिनचर्या त्या दिवशी संपली. तानाबाई साडेतीनला उठते, परसात चूल पेटवते आणि चारला बाहेरच्या नळावर भांडी घासते. यार्डात जाताना आमचं अंगण झाडते, आणि झाडू हातात आहेच म्हणून विजयसिंहरावांचंही झाडते. मला सहाला चहा लागतो. तिसऱ्या दिवसापासून तो मोना करायला लागली, गूळ आणि आलं घालून, आणि तो माझ्या बायकोच्या चहापेक्षा चांगला आहे हे मी चुकून बोललो. यावर कालिंदी रागावली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं चहा करणंच सोडलं.

फॉर्म गेला. आता खात्री करायला अधिकारी येणार, तेव्हा दाखवायला रहिवासाचा पुरावा पाहिजे, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा. मी विजयसिंहरावांकडं गेलो.

"सही?" ते म्हणाले. "न्हाय बाबा. उद्या घरावर हक्क सांगतील, कोर्टात माझी सही दाखवतील. गोडावनाचं खोटं बोललो असतो की मी. पर खरंखरं ऱ्हायल्यात त्या. खऱ्याला सही कोण देतंय?"

समोरच्यांनीही हेच सांगितलं, कोपऱ्यावरच्या वहिनींनीही. त्यांच्या मते मी भोळा होतो. बायकोच्या मते मी उगाच घाबरट होतो. माझं स्वतःबद्दल काय मत आहे हे कुणी विचारत नव्हतं. मोना रोज शाळेतनं आल्यासारखी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची आणि विचारायची, "सर, पुरावा झाला?" मी सांगायचो, "प्रक्रियेत आहे." चौतीस वर्षं हेच उत्तर मी लोकांना दिलंय. ते ऐकायला कसं लागतं ते मला माझ्याच घरात कळलं.

आणि मग, चौदा जूनला, मला नोटीस आली.

मला. ज्यानं हयातभर दुसऱ्यांना नोटिसा काढल्या, त्याला वॉर्ड ऑफिसमधनं शिपाई नोटीस घेऊन आला आणि दारातच सही घेऊन गेला. अख्ख्या कॉलनीनं बघितलं. विषय, निवासी वसाहतीत बाहेरील व्यक्तींना ठेवल्याबाबत. आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. सोबत तक्रार अर्जाची प्रत. अर्जदार विजयसिंहराव, सोबत दोन सह्या, समोरच्यांची आणि कोपऱ्यावरच्या वहिनींची. जे मला साक्षीदार म्हणून सही देत नव्हते, त्या तिघांनी तक्रारीवर अगदी ठसठशीत सही केलेली.

मी खुर्चीत बसलो. दुपारी जेवलो नाही. कालिंदीनं विचारलं तर म्हणालो की भूक नाही, आणि खरंच नव्हती. माझ्या नावापुढं पहिल्यांदा 'गैरअर्जदार' असा शब्द टाइप झाला होता. मोनानं पाणी आणून ठेवलं आणि कागद उचलून वाचायला घेतला. मला वाटलं, ती आता रडणार. ती सावकाश, बोट ठेवून, एकेक ओळ वाचत होती.

"सर," ती म्हणाली. "ह्यात नाव हाय."

"कुणाचं?"

"माझं. आन आईचं. पूर्ण नाव. वय हाय, तेरा. पत्ता हाय, घर नंबर चौदा. तारीख हाय, तीन जूनपास्नं." ती थांबली. "शिक्का बी हाय की सर. आन सह्या तीन हाईत."

मी कागद तिच्या हातातनं घेतला. चष्मा लावला. 'दि. ३ जूनपासून श्रीमती तानाबाई व त्यांची मुलगी कु. मोना, वय १३, या घर क्र. १४ येथे सलग वास्तव्यास असून, रोज पहाटे चार वाजता…' खाली तीन शेजाऱ्यांच्या सह्या, घर क्रमांकांसह. वर वॉर्ड ऑफिसचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. असा स्वच्छ रहिवासी पुरावा मी सर्व्हिसमध्ये बघितला नव्हता. मी ताट वाढायला सांगितलं.

पण एक शंका राहिली. विजयसिंहरावांना मी तीस वर्षं ओळखतो. 'सलग वास्तव्यास असून' असं वाक्य त्यांना लिहिता येत नाही. संध्याकाळी वर्गात विचारलं तर प्रियदर्शनीनं डिरेक्टरीवर बसल्या बसल्या हात वर केला.

"मी टाईप केला. त्या काकांनी गोडावनात बोलावलं, मिसळ दिली. ते सांगत हुते, 'बाहेरची माणसं आणून ठेवलीत.' मी म्हनलं, आसं चालत न्हाय. नाव, वय, पत्ता, तारीख पायजे. न्हायतर अर्ज परत येतोय."

"मग?"

"मंग त्यांनी सांगितलं आन मी लिवलं. सर, संदर्भ काय न्हवता म्हणून टाकला न्हाय."

अर्जात चुकीचं काहीच नव्हतं. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं मी एक चांदणी काढली.

अनुजा मॅडम अठराला आल्या. खात्री करणाऱ्या अधिकारी म्हणजे कुणीतरी जाडजूड गृहस्थ असतील असं मी धरून चाललो होतो. ही तिशीची मुलगी, स्कूटरवरनं आलेली, पाठीला सॅक. तिनं मधली खोली बघितली, परसातली चूल बघितली, कोंबडी बघितली. मी पुराव्याची प्रत पुढं केली. तिनं ती दोनदा वाचली आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघितलं.

"काका, ही तुमच्याविरुद्धची तक्रार आहे."

"हो. पण परिपूर्ण आहे."

विजयसिंहराव गेटावर होतेच. ते नसते तरच नवल. मॅडम बाहेर गेल्या. "ही तक्रार तुमची?"

"माझीच," ते छाती पुढं काढून म्हणाले. "एक अक्षर खोटं न्हाय त्यात."

"मुलगी आणि आई इथं खरंच राहतात?"

"ऱ्हात्यात का? आवं मॅडम, पहाटं चारला भांडी वाजत्यात. पंधरा दिस झालं मला झोप न्हाय. कधी न्हवं ते माझं अंगण साडेचारला झाडून हुतंय. विचारा कुणाला बी."

"मग इथं सही करा."

त्यांनी केली. तारीखसुद्धा घातली. स्कूटर वळणावर गेल्यावर त्यांनी मला विचारलं की ह्या बाई वॉर्ड ऑफिसच्या ना, आणि मी सांगितलं की नाही, शाळेच्या. त्यांनी गेटाची कडी लावली, परत काढली. मग म्हणाले, "मंजी पोरीचं काम माझ्या सहीनं झालं?"

"तुमच्याच."

"मंग तसं चारचौघात सांगा की," ते म्हणाले. "आन गाडी जरा फूटभर पुढं लावत जावा." खुलासा मी सातव्या दिवशी सादर केला, आणि तक्रार त्यांनी आठव्या दिवशी मागं घेतली. तो अर्जही प्रियदर्शनीनंच टाइप केला.

यादी सत्तावीस जूनला लागली. मोनाचं नाव सातवं. कालिंदीनं शिरा केला. विजयसिंहराव वाटी घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की सही कुणाची आहे. तानाबाईनं शिरा खाल्ला, हात धुतले आणि मधल्या खोलीत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं.

"अगं, आज कशाला?" कालिंदी म्हणाली.

"काम झालं न्हवं, वैनी. पोरीला सोमवारी शाळंत सोडतो आन मी आपली जागंवर जातो. ताडपत्री राखून ठेवलीया प्लॉटावरच्यांनी."

कालिंदीनं तिला राहा म्हणून याआधी दोनदा सांगून बघितलं होतं. दोन्ही वेळा तानाबाई नुसती हसली होती. मोना पायरीवर बसली होती. मागं न बघता ती म्हणाली, "मग मी जात न्हाय."

"काय?"

"तू ताडपत्रीत एकटी आन मी तिकडं गादीवर. न्हाय जमायचं. मी कांदा निवडतो."

"डोकं फिरलं काय तुजं? सायबांनी एवढी यातायात केली ती कशापायी?" तानाबाई ओरडली. मोना हलली नाही. विजयसिंहरावांनी वाटी खाली ठेवली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तानाबाईनं राहावं असं मला फार वाटत होतं, आणि ते कसं बोलायचं हे मला येत नव्हतं. मी आत गेलो, कपाटातनं फॉर्मची प्रत काढली, चष्मा लावला आणि बाहेर आलो.

"तानाबाई, तुम्हाला जाता यायचं नाही," मी म्हणालो. "नियम आहे. मुलगी दहावी होईपर्यंत पालकानं फॉर्मवरच्या पत्त्यावरच राहिलं पाहिजे. तपासणी कधीही होते. पालक जाग्यावर सापडला नाही तर प्रवेश रद्द."

"धाव्वी हुईस्तवर?"

"दहावी होईपर्यंत."

"सरकारी नियम हाय ह्यो?"

"सरकारी नियम आहे."

कालिंदी माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. तानाबाईचा हात गाठोड्याच्या गाठीवर थांबला. मोना पायरीवरनं उठली, तिनं माझ्या हातातनं फॉर्म घेतला आणि वाचायला लागली. पुढचं पान वाचलं. उलटून मागचं वाचलं. सगळ्यात खालच्या सूचना बोट ठेवून, एकही शब्द न सोडता वाचल्या. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हाय, आई," ती म्हणाली. "बारीक अक्षरात लिवलंय."